पाटकरी कोणाचा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या. त्यानंतर काही आठवड्यांनी अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत पालक, शिक्षक आणि संस्थेच्या मंडळींची सभा झाली. मी त्या सभेला होतो. विषय एकच: संगणक कक्षातल्या १४ संगणकांचं करायचं काय? संगणक दहा-अकरा वर्षांचे, चार जीबी रॅमचे. विंडोज ११ त्यांच्यावर रीतसर बसत नाही, कारण तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि बराच नवा प्रोसेसर लागतो. पैसे भरून किंवा काही अटी पाळून थोडी मुदत वाढवून मिळते, पण ती मुदतच. एका तरुण शिक्षकाने सुचवलं, विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकू या, फुकट आहे. मागच्या बाकावरून एक आप्पा उठले आणि म्हणाले, "फुकट शे ना भाऊ, मंग त्यामा काहीतरी खोट व्हईच." पुढचे दोन तास सगळा वाद त्या एका शब्दाभोवती फिरला. एक बाजू म्हणे फुकट आहे म्हणून घ्या, दुसरी म्हणे फुकट आहे म्हणूनच नको.

मला दोन्ही बाजू चुकलेल्या वाटतात. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शाळेने त्या संगणकांवर लिनक्सच बसवावं, पण पैसे वाचतात या कारणासाठी बसवू नये. जो पैसा वाचेल तो वाचलाच असं समजूही नये, तो दुसरीकडे खर्च करावा लागणार आहे. बसवायचं ते अशासाठी की, मुलांची संगणकाशी पहिली ओळख जिथे होते तिथे तो आतून बघता यावा, त्याचे नियम विचारता यावेत, आणि तो कोणाच्या हुकमाने चालतो हे त्यांना कळावं. किमतीचा मुद्दा यात फार खालचा आहे. आपण तोच वर आणून बसवला आणि मग त्याच्यावरच भांडलो.

खरं म्हणजे मराठी माणसाने या शब्दात अडकायचं काही कारण नव्हतं. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात मोफत आणि मुक्त हे दोन्ही अर्थ बसतात, त्यामुळे लिनक्ससारख्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना चाळीस वर्षं खुलासे करत फिरावं लागलं. आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत. लग्नातलं जेवण मोफत असतं, तुरुंगातून सुटलेला माणूस मुक्त असतो. या दोघांत कोणी गोंधळ करत नाही. मुक्त सॉफ्टवेअर विकताही येतं, त्याचे पैसे घेण्यावर बंदी नाही. अट आहे ती हक्कांची: कशासाठीही वापरण्याचा हक्क, उघडून अभ्यासण्याचा आणि बदलण्याचा हक्क, दुसऱ्याला प्रत देण्याचा हक्क, आणि आपण बदललेली प्रतही वाटण्याचा हक्क.

शिवाय फुकटपणाच्या मुद्द्याला आपल्या भागात मुळात जोरच नाही. का? कारण आपल्याकडे विंडोजही फुकटच वापरली जाते. तालुक्याच्या कुठल्याही गावी दुकानदाराकडे संगणक न्या, तो दोन-तीनशे रुपयांत 'विंडोज मारून' देतो. परवान्याचा विषय दोघांपैकी कोणीच काढत नाही. तो पेन ड्राइव्ह लावतो, आधी अँटिव्हायरस बंद करतो, मग परवान्याची तपासणी चुकवायला कुठून तरी उतरवून घेतलेला अ‍ॅक्टिव्हेटर चालवतो, आणि कोपऱ्यातली सूचना गेली की काम झालं. तो अ‍ॅक्टिव्हेटर कोणी लिहिला, त्याने जाता जाता आणखी काय केलं, हे त्या दुकानदारालाही माहीत नसतं. घराच्या किल्ल्या अनोळखी माणसाच्या हाती देऊन आपण पैसे वाचवले म्हणतो. ज्या गावात चोरीचा माल फुकट मिळतो तिथे 'आमचाही फुकट आहे' हे सांगून कोण वळणार? आणि शाळेने मुलांसमोर रोज चोरीच्या मालावर धडे द्यावेत, हे तरी कोणाला पटेल?

मग ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे आहे तरी काय? पुस्तकं म्हणतात, 'संगणक आणि वापरकर्ता यांच्यातला दुवा'. नव्या माणसाला त्यातून काहीच हाती लागत नाही. आपल्याकडे याहून चांगलं उदाहरण पांझरेच्या काठी आहे. पांझरा, कान, मोसम या नद्यांवर गावांनी बंधारे घातले आणि फड पद्धत चालवली. ती किमान तीनशे वर्षं जुनी मानतात. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली असते, एका फडात हंगामाला एकच पीक, आणि कोणत्या फडात काय घ्यायचं हे शेतकरी मिळून ठरवतात. पाणी मात्र ज्याने त्याने भरायचं नाही. त्यासाठी पाटकरी असतो. कोणाची पाळी, किती वेळ, आधी कोण, मग कोण, हे तो सांभाळतो. एकाचं पाणी फुटून दुसऱ्याच्या वावरात शिरणार नाही हेही तोच बघतो. आपलं वावर थोडकं म्हणून पाटकरी पाळी चुकवत नाही, आणि कोणी मोठा म्हणून त्याला आधी देत नाही.

संगणकात हेच चालतं. पाणी म्हणजे प्रोसेसरचा वेळ, रॅम, डिस्क, पडदा. वावरं म्हणजे आपण चालवतो ते प्रोग्रॅम: ब्राउझर, हिशेबाचं काम, एखादं गाणं. प्रत्येकाला वाटतं सगळं पाणी आपल्याकडेच वळावं. सेकंदाच्या लहानशा तुकड्यात याला थोडं, त्याला थोडं देत राहायचं, आणि एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या रॅममध्ये घुसू द्यायचं नाही, हे काम जो गाभा करतो त्याला कर्नल म्हणतात. लिनक्स हे खरं तर फक्त त्या कर्नलचं, आपल्या पाटकऱ्याचं, नाव. पडद्यावरच्या खिडक्या, फाइली उघडायची साधनं, लिहायचं सॉफ्टवेअर ही त्याच्याभोवती जमवलेली बाकीची मंडळी. ती ज्याने त्याने आपल्या पसंतीने जमवली, म्हणून उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा अशी नावं झाली. नवखा माणूस या नावांनीच बिचकतो. बिचकायचं कारण नाही. भरिताचं वांगं बामणोदचंच असलं तरी दर घरचं भरीत निराळं लागतं, इतकंच ते आहे. आणि 'लिनक्स आपल्याला झेपणार नाही' असं म्हणणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या खिशात त्या दिवशी लिनक्स होतंच, कारण अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला एकूणएक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतो.

आता माझा खरा प्रश्न. फडातला पाटकरी कोणाचा माणूस असतो? शेतकऱ्यांचा. तेच त्याला नेमतात, त्याचा मोबदला तेच देतात, आणि त्याने पाळी चुकवली तर जाब विचारायला ते बंधाऱ्यावर जाऊ शकतात. विंडोजचा पाटकरी हुशार आहे, कामाचा आहे, हे मी मान्य करतो. पण तो गावाचा नाही. त्याचा पगार दुसरीकडून येतो, नियम दुसरीकडे ठरतात, आणि त्याने कसं वाटप केलं हे बघायला बंधाऱ्यावर जायची आपल्याला परवानगी नाही. १४ ऑक्टोबरला त्या शाळेत नेमकं काय झालं? पाट फुटला नव्हता, वावरं होती तशीच होती, १४ च्या १४ संगणक सकाळी सुरू झाले. दूर कुठे तरी ठरलं की या गावाला यापुढे पाटकरी नाही.

यावर कोणी म्हणेल, ही तक्रार रास्त नाही. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आली, दहा वर्षं कंपनीने ती सांभाळली. लिनक्सच्या आवृत्त्या तरी कुठे अमर आहेत? उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला साधारण पाचच वर्षं दुरुस्त्या मिळतात. हे खरं आहे, आणि लिनक्सची बाजू घेणारे हे सांगायचं टाळतात तेव्हा ते आपलंच नुकसान करतात. फरक मुदतीत नाही, मुदत संपल्यावर काय होतं त्यात आहे. सेंटओएस नावाची लिनक्सची आवृत्ती जगभरच्या सर्व्हरांवर चालत होती. डिसेंबर २०२० मध्ये तिच्यामागच्या रेड हॅट कंपनीने जाहीर केलं की आवृत्ती ८ पुढच्याच वर्षाअखेर बंद होणार. लोक चिडले, आणि चिडण्यासारखंच ते होतं. पण तिचा कोड, म्हणजे प्रोग्रॅम ज्या लिहिलेल्या सूचनांनी बनतो त्या, सगळ्यांच्या हाती असल्यामुळे २०२१ मध्येच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स अशा दोन पर्यायी आवृत्त्या लोकांनी उभ्या केल्या आणि काम पुढे चालू राहिलं. पाटकरी सोडून गेला, तर गावाने दुसरा नेमला. विंडोज १० च्या बाबतीत हे कोणाला करता येईल?

सभेनंतरच्या शनिवारी आम्ही तीन संगणकांवर मिंटची हलकी आवृत्ती लावून पाहिली. नव्या माणसासाठी यातली सर्वांत मोठी सोय म्हणजे पेन ड्राइव्हवरूनच संगणक चालू करून सगळं बघता येतं, डिस्कवरच्या अक्षरालाही धक्का लागत नाही. आवडलं तर बसवा, नाही तर पेन ड्राइव्ह काढा. आठवीतली एक मुलगी माउस घेऊन बसली आणि पाच मिनिटांत तिने विचारलं, "सर, यात सी ड्राइव्ह कुठंय?" मी तिला सांगितलं, इथे सी, डी असे वेगळे वाडे नाहीत. सगळं एकाच मुळापासून फुटतं. त्या मुळाची खूण एक तिरकी रेघ. घरचा फोल्डर तिच्या पोटात, लावलेला पेन ड्राइव्हही तिच्याच एका फांदीवर दिसतो. तिने दोन-तीनदा वर-खाली जाऊन पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे झाडासारखं." मग एक सॉफ्टवेअर बसवताना पासवर्ड मागितला तेव्हा तिचा पुढचा प्रश्न आला: "संगणक आपलाच आहे, मग विचारतो कशाला?" रोजचं काम करणारा आणि संगणकात बदल करणारा, हे एकाच माणसाचे दोन वेगळे अधिकार आहेत. बदल करताना तो थांबवून विचारतो, म्हणजे चुकून किंवा कोणाच्या फसवणुकीने काही बसत नाही. विंडोजमध्येही अशी विचारणा होते, पण तिथे 'येस' दाबायची सवय आपण मुलांना न समजावताच लावली.

हे चांगलं चाललं होतं, आणि मग प्रिंटर चालला नाही. शाळेच्या कार्यालयातला प्रिंटर एका कंपनीच्या अशा मॉडेलचा होता की त्याला लागणारं सॉफ्टवेअर त्या कंपनीने फक्त विंडोजसाठी दिलेलं. दोन तास आम्ही खटपट केली. लिपिक भाऊंना बोनाफाइड दाखले छापायचे होते, बाहेर पालक उभे होते, आणि त्यांचा वैताग मला शंभर टक्के रास्त वाटला. शेवटी तो प्रिंटर जुन्याच संगणकाला परत लावला. लिनक्सची शिफारस करणाऱ्याने हा प्रसंग लपवू नये. उलट तो आधी सांगावा, कारण ही सगळी कहाणी सुरूच एका प्रिंटरपासून झाली.

१९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण काम करत होता. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांना सूचना जाईल, असा बदल त्याने सॉफ्टवेअरमध्ये स्वतः करून ठेवला होता. मग नवा लेझर प्रिंटर आला. तोही अडकायचा, पण त्याचा कोड कंपनीने दिला नव्हता. ज्या माणसाकडे तो होता त्याने गुप्ततेच्या करारावर सही केलेली, म्हणून त्यानेही नकार दिला. अडचण दिसते आहे, ती दूर करायची अक्कल आहे, तयारी आहे, आणि तरी हात बांधलेले. त्यातून १९८३ मध्ये त्याने 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला: पूर्ण मुक्त अशी ऑपरेटिंग सिस्टिम. तिचे बहुतेक भाग तयार झाले, गाभा मात्र राहिला होता. तो १९९१ मध्ये हेलसिंकीच्या एका २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, छंद म्हणून लिहायला घेतला आणि पुढच्या वर्षी स्टॉलमनच्याच परवान्याखाली सगळ्यांना दिला. आमच्या लिपिक भाऊंचा प्रिंटर आणि एमआयटीचा प्रिंटर यांत चाळीसहून जास्त वर्षं गेली, पण दुखणं तेच आहे. प्रिंटर चालला नाही हा लिनक्सचा दोष म्हणायचा, की ज्याने कुलूप घातलं त्याचा?

त्या परवान्याचं नाव जीपीएल. त्याची अट सोपी आहे: तुला जे हक्क मिळाले तेच पुढच्याला दे, मध्ये कुलूप घालू नकोस. कापूस पिकवणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं. देशी वाणाची सरकी घरात राखता येते, शेजाऱ्याला देता येते. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात शेतातलं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क शेतकऱ्याला लिहून दिला आहे. फक्त ब्रँडचं नाव लावून ते विकता येत नाही. या उदाहरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. केळीवाल्यांनी बागेतले कंद सोडून टिश्यू कल्चरची विकतची रोपं घेतली ती कोणाच्या जबरदस्तीने नाही. रोप एकसारखं येतं, माल एकदम निघतो, म्हणून हिशेब करून घेतली. विकतचं चांगलं असू शकतं. पण उद्या कंद राखायचा हक्कच गेला, कंद कसा निवडायचा हे पोरांना ठाऊकच राहिलं नाही, तर तो हिशेब आपल्या हातात राहील का?

आता नोकरीचा मुद्दा. सभेत सर्वांत जोरात तोच मांडला गेला, आणि त्यात तथ्य आहे. बाजारपेठेत टॅली चालतं, सीएच्या ऑफिसात एक्सेल चालतं, फ्लेक्सच्या दुकानात कोरलड्रॉ आणि फोटोशॉप चालतं, आणि एमएस-सीआयटी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर विंडोज येते. डिजिटल सहीची किंवा खात्याची काही साधनं लिनक्सवर त्रास देतात. ज्याचं पोट आज या गोष्टींवर आहे त्याने उद्या सकाळी लिनक्सवर यावं, असं मी कधीच म्हणणार नाही. फ्लेक्सवाल्याला तो सल्ला देणं म्हणजे त्याचा धंदा बुडवणं. पण सातवी-आठवीतल्या मुलीचं पोट आज कशावरच अवलंबून नाही. ती नोकरीला लागेपर्यंत आठ-दहा वर्षं जातील. तिला बटणांच्या जागा पाठ करून घेतल्या तर काय होतं ते आपण एकदा पाहिलं आहे. मायक्रोसॉफ्टचं ऑफिस २००७ हे सॉफ्टवेअर आलं आणि वर्षानुवर्षं पाठ केलेले मेनू एका रात्रीत गेले, त्यांच्या जागी रिबन नावाची पट्टी आली. ज्यांना 'फाइल, मग तिसरी ओळ' एवढंच येत होतं ते हतबल झाले. ज्यांना मजकुराची शैली म्हणजे काय, तक्त्यातलं सूत्र म्हणजे काय हे कळत होतं, ते चार दिवसांत रुळले. लिबरऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरच्या तक्त्यावर सूत्र लिहायला शिकलेली मुलगी एक्सेलवर अडणार नाही. शेवटच्या वर्षांत टॅलीसाठी दोन संगणक विंडोजचे ठेवा, रीतसर परवाना घेऊन ठेवा. माझा त्याला विरोध नाही, पाठिंबा आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो एका शेतकरी पालकाने घेतला: कोड उघडा असून मला काय उपयोग? मला तो वाचता येत नाही. खरंच काय उपयोग? माहिती अधिकाराचा अर्ज आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात एकदाही केलेला नाही, तरी २००५ चा कायदा झाल्यापासून कार्यालयात कागद लिहिणाऱ्याला ठाऊक असतं की हा कागद कोणी तरी मागू शकतो. मार्च २०२४ मध्ये नेमकं असंच घडलं. एक्सझेड नावाच्या लहानशा मुक्त साधनात कोणी तरी दोनेक वर्षं विश्वास कमावून, एकट्याने ते सांभाळणाऱ्या थकलेल्या माणसाचा भार हलका करण्याच्या निमित्ताने आत शिरून, चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला दुसऱ्याच एका चाचणीत दिसलं की लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला, कोड उघडत उघडत चोरदरवाजापर्यंत पोचला, आणि तो फार पसरायच्या आत जगाला कळलं. हा अभियंता मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला होता, हेही मुद्दाम सांगतो, कारण हा वाद कंपन्यांविरुद्धचा नाही. यातून उघड्या कोडची कमजोरीही दिसते: उघडा आहे म्हणून कोणी तरी बघतच असेल, असं धरून चालणं धोक्याचं आहे. पण बंद खोलीत हाच चोरदरवाजा असता, तर फ्रॉइंडला तक्रार नोंदवून वाट बघत बसावं लागलं असतं. कोड मला वाचता येत नाही. माझ्यासाठी ज्याला येतो त्याला कोणी अडवू नये, एवढं मला पुरतं.

आणि कुलूप काय करतं याचा पुरावा माझ्या घरी आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी धुळ्यातल्या एका छापखान्यात आमच्या गावच्या स्मरणिकेचा मजकूर जुळवला होता. फाइली माझ्याकडे आहेत. उघडल्या की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा ढीग दिसतो, कारण त्या काळचे मराठी फॉन्ट ज्याने त्याने आपापल्या रीतीने बांधलेले, आणि ते सॉफ्टवेअर चालायला संगणकाच्या मागे एक डोंगल, म्हणजे किल्लीचं काम करणारा छोटा तुकडा, लावावं लागे. डोंगल हरवलं, छापखाना बंद झाला. गावातल्या म्हाताऱ्यांच्या ज्या आठवणी त्यात होत्या, त्या सांगणारे आता कोणी उरले नाहीत. मोडी लिपी व्यवहारातून गेली त्याला किती वर्षं झाली! तरी आजही कोणी चार-सहा महिने मेहनत घेऊन मोडी शिकतो आणि अडीचशे वर्षांपूर्वीचा कागद वाचतो, कारण मोडीचं वळण कोणाच्या मालकीचं नव्हतं. माझा सत्तावीस वर्षांचा मजकूर त्या कागदापेक्षा जास्त मेलेला आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जड, आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही: बिघडलं तर बघणार कोण? जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या पालिकेने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, दहा वर्षं खपून सुमारे १५,००० संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळायचं ठरवलं. पैसा, माणसं, इच्छा सगळं असलेल्या शहराला हे झेपलं नाही, तर अमळनेर तालुक्यातल्या शाळेला झेपेल? म्युनिकमध्ये राजकारण बदललं हे खरं, पण तेवढ्यावर मी हा मुद्दा टाळणार नाही. फड पद्धतीचं तरी काय झालं? विहिरी आल्या, पंप आले, वर धरणं झाली, उसाचा लोभ आला. ज्याला स्वतःचं पाणी मिळालं तो पाट साफ करायला येईना. दरवर्षी गाळ काढायला घरटी माणूस लागे, तो येईनासा झाला आणि कित्येक ठिकाणी बंधारा उभा असून फड मोडला. सामाईक गोष्ट आपोआप टिकत नाही. तिला अंगमेहनत लागते, आणि मेहनतीला मोबदला लागतो. लिनक्स चार हौशी पोरं रात्री जागून लिहितात ही समजूतही चुकीची आहे. कर्नलवरचं बहुतांश काम आज इंटेल, रेड हॅट, गुगल अशा कंपन्यांचे पगारी अभियंते करतात. फुकटात काहीच होत नाही, आप्पा म्हणाले ते इतपत खरं आहे.

म्हणूनच मी सुरुवातीला म्हटलं की वाचलेला पैसा वाचवू नये. तो माणसावर घालावा. केरळने हे करून दाखवलं आहे. तिथल्या सरकारी शाळांचे संगणक कित्येक वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, 'काइट' ही सरकारी संस्था शाळांसाठी लिनक्सची स्वतःची आवृत्ती तयार करते, आणि त्यांनी सर्वांत जास्त कष्ट शिक्षकांना शिकवण्यावर घेतले. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. संगणक येतात, उद्घाटन होतं, फीत कापली जाते, आणि शिकवणाऱ्याच्या नावापुढे रिकामी जागा राहते. 'दुरुस्त करणारा मिळत नाही म्हणून शिकवू नका' हा युक्तिवाद मला गोल फिरणारा वाटतो. न शिकवता दुरुस्त करणारा येणार कुठून? मोटर रिवाइंडिंग करणारी पोरं आपल्या प्रत्येक गावात आहेत ती कॉलेजांनी तयार केलेली नाहीत. मोटर उघडता येत होती, जळालेली तार समोर दिसत होती, शेजारी बसून शिकता येत होतं, म्हणून ती तयार झाली.

त्या शनिवारी निघताना आम्ही मिंटची भाषा मराठी करून पाहिली. मेनू अर्धा मराठी झाला, अर्धा इंग्रजीच राहिला. काही ठिकाणचं मराठी असं की वाचून अर्थ लागेना. मला ओशाळल्यासारखं झालं. ती आठवीतली मुलगी मात्र पडद्याकडे बघत राहिली आणि तिने विचारलं, "हे मराठी कोणी लिहिलं?" मी म्हटलं, तुझ्या-माझ्यासारख्या लोकांनी. "मग उरलेलं?" म्हटलं, अजून कोणी लिहिलं नाही. ती म्हणाली, "आम्ही लिहिलं तर चालेल? अहिराणीत पण?" चालेल. त्यासाठी कोणाच्या कार्यालयात अर्ज द्यावा लागत नाही.

संस्थेची पुढची सभा या महिन्याच्या शेवटी आहे. तिथे ठरावाच्या मसुद्यात मी 'फुकट' हा शब्द येऊ देणार नाही. त्या जागी दोन ओळी मागणार आहे: एक, आठवड्यातून तीन दिवस संगणक कक्ष सांभाळणाऱ्या आणि शिकवणाऱ्या माणसाचं मानधन, दुसरी, लिनक्सवर चालणारा एक प्रिंटर. आप्पांना मी आधी जाऊन भेटणार आहे. त्यांचे वडील पाटकरी होते, असं ते त्या दिवशी चहा पिताना म्हणाले होते.